घराण्याचा शोध आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी: मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न

वंशावळ काढायचं आणि घरातल्या जुन्या माणसांना बोलतं करायचं काम मी बरीच वर्षं करतोय. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, संभाजीनगर, सगळीकडून लोक विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे नंबर दिलाय.

१. माझ्याकडे काहीच कागद नाही, आजोबांच्या वडलांचं नावसुद्धा माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून. कागदापासून नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला बस्ता अजून दोन वर्षांनीही तिथंच सापडेल, नव्वदीतली आज्जी सापडेलच असं नाही, म्हणून आधी माणूस आणि मग कागद हा क्रम कुणासाठीही मोडू नका.

एक मोठा कागद घ्या, पेन्सिलीने खाली तुमचं नाव, वर आई-वडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजा-आजी. जिथं अडलं तिथं जागा रिकामी सोडा. नुसतं वर वर जाऊ नका, बाजूलाही पसरा, म्हणजे आजोबांचे भाऊ, बहिणी, चुलते, कारण तुमच्या आजोबांना जे माहीत नव्हतं ते त्यांच्या चुलतभावाच्या घरी माहीत असतं.

मग घर धुंडाळा. ट्रंकेतल्या लग्नपत्रिका, फोटोंच्या मागची बाजू, देवघरातले टाक, पोथीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मवेळा. आणि भांडी! पितळेची घागर, तांब्या, परात, यांच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव असतं ना, ते वाचा. आमच्या घरी एक परात माळ्यावर कित्येक वर्षं पालथी पडली होती, चिंच लावून घासली तर आज्जीच्या मामाचं नाव, गाव आणि सन १९४१ असं स्पष्ट निघालं. आज्जीचं लग्न कधी झालं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, ते त्या परातीने सांगितलं. शिवाय मामाचं गाव कळलं म्हणजे आज्जीच्या आईचं माहेर कळलं, एकदम एक पिढी वर जाता आलं.

२. आजोबा म्हणतात "काय सांगावं बाबा, आता काय ध्यानात ऱ्हातंय". मग काय विचारायचं?

"तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारलं की कुणीही असंच म्हणणार. एवढं मोठं आयुष्य कुठून सुरू करणार ते. बारीक विचारा. वाडा कसा होता, दार कुठल्या तोंडाचं होतं, बळद कुठं होतं, त्यात ज्वारी किती मावायची. बैलांची नावं काय होती. शाळेत मास्तर कुणीकडचे होते. पहिल्यांदा एसटी गावात आली तेव्हा तुम्ही कुठं होता. बैलांची नावं विचारली की माणूस हमखास बोलायला लागतो हे मी कितीतरी वेळा बघितलंय. बैलावरून बाजार, बाजारावरून सावकार, सावकारावरून गहाण पडलेलं शेत, आणि त्या शेतावरून पणजोबांचं नाव.

बाईमाणसाला हातात काम असताना विचारा. शेंगा फोडताना, वाती वळताना, गोधडी शिवताना. समोरासमोर खुर्चीवर बसवून विचारलं की त्या अवघडतात. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावा, कारण ओवीत भावाचं नाव, माहेरचं गाव, गावाची नदी सगळं गुंफलेलं असतं आणि बोलताना जे सांगितलं जात नाही ते ओवीत येतं.

आणि मध्ये बोलू नका. ते गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा, दहा सेकंद, वीस सेकंद. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. तारीख चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, नंतर बघता येतं (प्रश्न ५).

३. रेकॉर्डिंग साध्या मोबाईलवर केलं तर चालेल का?

चालतं. फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद, कूलर बंद, टीव्ही बंद, कुकर लावायचा नाही. मी माझ्या आज्जीचं पहिलं रेकॉर्डिंग मे महिन्यात चालू पंख्याखाली केलं, चाळीस मिनिटं, आणि त्यातली अर्धी वाक्यं आज कान देऊनसुद्धा लागत नाहीत. ती परत सांगायला आता नाही. त्यामुळे पंख्याचं मी सगळ्यांना फार कळकळीने सांगतो, उन्हाळ्यात पहाटे किंवा सकाळी लवकर बसा पण पंखा बंदच ठेवा.

आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय, खोलीत अजून कोण आहे हे सांगा. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त नको, थकतात. शक्यतो ऑडिओच घ्या, व्हिडिओ म्हटलं की माणूस टोपी नीट करतो आणि भाषण देतो, व्हिडिओ शेवटी पाच मिनिटं घ्या हात-चेहरा आठवणीत राहावा म्हणून.

४. फाईल्स कुठे ठेवायच्या?

तीन ठिकाणी. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्कवर, एक गुगल ड्राईव्हसारख्या ठिकाणी. नुसतं फॅमिली ग्रुपवर टाकून भागत नाही, फोन बदलला की जातं. व्हॉट्सअपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी मरते आणि जुन्या फोटोमागचं अक्षर वाचता येत नाही. फाईलचं नाव आधी वर्ष-महिना-तारीख, मग माणसाचं नाव, मग गाव असं ठेवा. आणि कोणत्या मिनिटाला काय विषय आहे हे वहीत लिहा, कारण तीन तासांचं रेकॉर्डिंग परत पूर्ण ऐकायला कुणाला वेळ नसतो.

५. आमच्या घरात सगळ्यांचा वाढदिवस १ जून! खरी जन्मतारीख कशी काढायची?

शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकून दिली, आपल्याकडे घरोघरी हेच आहे. ती तारीख शाळेची म्हणून लिहा, खरी म्हणून नको.

खरं साल काढायला आपल्या भागातल्या मोठ्या घटनांची खुंटी धरायची. मानमोडीची साथ, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, १९१८. पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं ती कारवाई, सप्टेंबर १९४८. मोठा दुष्काळ म्हणजे १९७२. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले त्याच रात्रीची पहाट. मग विचारायचं, "पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होता? चालत होता का कडेवर? परकर नेसायचा का लुगडं?" दुष्काळात सुकडी खाल्ली का खडी फोडायला गेला, यावरून वयाचा अंदाज बरोबर येतो. दोन-तीन खुंट्या जुळल्या की एक-दोन वर्षांच्या आत साल बसतं. वहीत "अंदाजे १९३९" असं लिहा, अंदाजे हा शब्द गाळू नका.

६. जुन्या कागदावर फसली सन आहे, पत्रिकेत शक आहे. इंग्रजी साल कसं काढू?

निजामाच्या राज्यातल्या फसलीत ५९० मिळवा. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारीपासून पुढचे महिने असतील तर ५९१. महिन्यांची नावं इराणी आहेत, आजूर, दै, बहमन वगैरे, ती बघून गोंधळू नका.

शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर सांभाळून, कारण नाव साठ वर्षांनी परत येतं. बहुधान्य संवत्सर १९३८-३९ ला होतं आणि १९९८-९९ ला पण.

७. सरकारी कागद कोणते आणि कुठे मिळतात?

जे खरंच उपयोगी पडतात तेवढे सांगतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यात मालकाचं नाव धरून मागे जायचं तर बहुतेकांना हा पहिला भक्कम कागद मिळतो. मग फेरफार, म्हणजे जमिनीचा मालक बदलला की होणारी नोंद, गाव नमुना ६, आणि वारसाची नोंदवही, म्हणजे ६-क. सातबारावर नुसतं नाव दिसतं, पण फेरफारात "अमुक मयत, त्यास वारस मुलगा, मुलगी, पत्नी" असं सगळं कुटुंब लिहिलेलं असतं, म्हणून सातबारावरचा फेरफार नंबर घ्या आणि तो उतारा मागा. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर काही गावांचं सापडतं. जुना गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, हल्ली त्याच नंबरचा नमुना वेगळ्या कामाचा आहे, त्यामुळे मागताना "जुनी जन्म-मृत्यू नोंद" असं स्पष्ट म्हणा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापकांकडे. काही जुनी कागदपत्रं आता महाभूमीच्या आपले अभिलेख या साईटवर स्कॅन करून टाकलीत, तिथे आधी बघा, चक्कर वाचते.

सातबाऱ्यावरची छोटी अक्षरं पण शिकून घ्या. "भ्र." म्हणजे भ्रतार, नवरा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे तेव्हा वारस लहान होता, म्हणजेच बाप लवकर गेला, एवढ्या तीन अक्षरांत घरावर काय बेतलं होतं ते कळतं. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत, ते शोधा.

आणि जिल्हा बघून घ्या! लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होतं, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ च्या आधी बिदर जिल्ह्यात आणि किनवट आदिलाबादेत. लोक चुकीच्या ऑफिसला वर्षभर चकरा मारतात. अजून मागचं, निजाम सरकारचं, हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात आहे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याचं एक ऑफिस संभाजीनगरात आहे. जाण्याआधी गाव दिवाणी (थेट सरकारी) होतं, जागिरीतलं होतं की सर्फेखास (निजामाच्या खासगी मालकीचं) हे गावातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या, कारण १९४९ ला जागिरी खालसा होईपर्यंत प्रत्येकाचं दप्तर वेगळं होतं.

८. कागद उर्दूत किंवा मोडीत आहे, वाचायला कोण मिळेल?

उर्दूसाठी लांब जाऊ नका. १९४८ च्या आधी आपल्याकडे सरकारी शाळेत उर्दूतून शिकलेली माणसं अजून एखाद-दुसऱ्या गावात आहेत, नव्वदीच्या आसपासची, त्यांच्याकडे कागद घेऊन गेलात तर कागदही वाचून मिळतो आणि एक मुलाखत पण मिळते. नाहीतर मशिदीतले मौलाना किंवा उर्दू शाळेचे सर. मात्र शिकस्ता, म्हणजे घाईच्या हाताचं कचेरीतलं अक्षर, सगळ्यांना लागत नाही, तेव्हा दोघांकडून वाचून घ्या. मोडीचे वर्ग निघतात, बाराखडी महिन्या-दोन महिन्यांत डोळ्याला बसते पण जुन्या दप्तराचं अक्षर वाचायला सराव लागतोच. मूळ कागद कुणाच्या हातात देऊन येऊ नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, फोटो काढा आणि फोटो द्या.

९. जुन्या नोंदीत आडनावच नाही, नुसतं "अमुक वल्द तमुक". आमचेच हे कसं समजायचं?

वल्द म्हणजे मुलगा, मराठी कागदात त्याच जागी "बिन" असतं. जोजे म्हणजे बायको. त्या काळी आडनाव लिहायची पद्धत पक्की नव्हती, एकाच माणसाला एका कागदात पाटील, दुसऱ्यात गावावरून -कर आणि तिसऱ्यात काहीच नाही असं होतं. तीन गोष्टी जुळवा: बापाचं नाव, सर्व्हे नंबर आणि शेजारचा कब्जेदार. सर्व्हे नंबरचा पुढे गट नंबर झालेला असू शकतो, तेवढं तपासून घ्या. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे एकाच नावाचे दोघं-तिघं निघतात, प्रत्येकाला बापाच्या नावासकट लिहा नाहीतर दोन पिढ्या एक होऊन बसतात.

१०. आमच्या वंशावळीत बायकांची नावंच नाहीत. ती आता कुठून आणायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. भाटाची, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी ठेवणाऱ्याची, वही बघा, कोर्टातली वंशावळ बघा, नुसते बापे. मुलगी लग्न होऊन गेली की रेष तिथेच तुटते, आणि सून आली तर तिचं माहेरचं नाव तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पुसलेलं. गोदावरीची लक्ष्मी होते आणि नातवंडांना गोदावरी माहीतच नसते. तुमच्या घरच्या प्रत्येक बाईला आधी हेच विचारा, "माहेरचं नाव काय?" साठ-साठ वर्षांत कुणी विचारलेलं नसतं, आणि नाव सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

कागदांत शोधायचं तर हक्कसोडपत्र हा फार कामाचा कागद आहे. बाप वारल्यावर बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला त्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला, त्यात सगळ्या बहिणी सासरच्या नावाने, गावासकट, वयासकट एका पानावर मिळतात. मग ६-क (प्रश्न ७). मग भांडी (प्रश्न १). मग पणजीच्या भावाच्या घरी जा, तुमच्या घरी तिचं नाव नसेल पण तिच्या माहेरी "अमकीला तमक्या गावी दिली होती" एवढं नक्की आठवतं.

लहानपणी गेलेली लेकरं पण विचारा, हळूच, एकटी असताना. "किती झाली आणि किती राहिली" असं जुन्या बायका स्वतःच म्हणतात. माझ्या आज्जीने नऊ सांगितली, आम्हाला पाचच माहीत होती. आम्हाला माहीत नसलेल्या चारांपैकी दोघांना तर नाव ठेवायच्या आधीच नेलं, पण ती चारही आता आमच्या कागदावर आहेत.

११. भाट, हेळवी, क्षेत्रावरचे पुजारी यांच्या वह्या खऱ्या मानायच्या का?

बघायच्याच. पैठण, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेला आलेल्याने स्वतः सांगितलेली नावं असतात, कधी सही किंवा अंगठाही असतो, म्हणून त्या बऱ्याच भरवशाच्या. जाताना मूळ गाव आणि आडनाव घेऊन जा, वह्या गावावरून लावलेल्या असतात. पैठणला गोदावरीवर अस्थी घेऊन गेला असाल तेव्हाची नोंद तुमच्या वडलांनीच केलेली असू शकते.

सोलापूर-कर्नाटकाच्या अंगाला हेळवी बैलावर वह्या घेऊन येतात, इकडे भाट येतात. मातंग समाजात डक्कलवार, बंजाऱ्यांत ढाडी, मुसलमान घरात शजरा, म्हणजे वंशावळीचा कागद. अलीकडच्या सहा-सात पिढ्या जुळत असतील तर त्या घ्या. त्याच्या वर राजस्थानापर्यंत किंवा थेट सूर्यवंशापर्यंत गेलं की ते आदराने वेगळ्या पानावर लिहा, नोंद म्हणून धरू नका. आणि त्यांची बिदागी द्या, त्यांच्या घराण्याने तुमचं घराणं लक्षात ठेवलंय, रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून.

१२. आम्ही मूळचे कुठले हे कुलदैवतावरून कळतं का?

दिशा कळते, पत्ता कळत नाही. तुळजापूरची भवानी अर्ध्या महाराष्ट्राची आहे. पण माळेगावचा खंडोबा, अणदूर-नळदुर्गचा खंडोबा, अंबाजोगाईची योगेश्वरी, माहूरची रेणुका यातलं नेमकं कुठलं, आणि घरात वर्षाला नेमका कुठल्या गावच्या ग्रामदैवताला नारळ जातो हे विचारा. आपण राहतो त्या गावाऐवजी दुसऱ्याच गावच्या म्हसोबाला किंवा मारुतीला मान जात असेल तर बहुतेक तेच मूळ गाव.

१३. आम्हाला जमीनच नव्हती. आमचे कागद कुठून असणार?

असतात. शाळेचं रजिस्टर, जुनी जन्म-मृत्यू नोंद, १९५१ चं रजिस्टर यांना जमीन लागत नाही. महार वतनाच्या किंवा इतर इनामाच्या नोंदी बघा. कुळ म्हणून कसली असेल तर १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याखालची कुळांची नोंद बघा. जालन्याकडे ख्रिस्ती घरं असतील तर चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. लिंगायत असाल तर मठ आणि जंगम.

ऊसतोडीच्या घरात मात्र कागदापेक्षा बोलणंच जास्त मिळतं. दसऱ्या-दिवाळीला गेलेलं कुटुंब उन्हाळ्यात येतं, तेव्हा अक्षय तृतीयेच्या पुढे-मागे बसा. कुठल्या कारखान्यावर कोण जन्मलं, कुठल्या कोपीत (झोपडीत) कोण वारलं, मुकादम कोण, उचल (आगाऊ पैसे) किती, हाच त्यांचा दाखला. बीड जिल्ह्यात एका आजीने मला आपल्या सहा लेकरांचे जन्म सहा वेगवेगळ्या फडांवरून मोजून सांगितले, एकही साल माहीत नव्हतं पण कारखान्याचा क्रम एकदाही चुकला नाही.

१४. कुणबी दाखल्यासाठी किंवा जात पडताळणीसाठी हीच वंशावळ चालते का?

नाही, ती वेगळी. दाखल्याची वंशावळ फक्त वडलांकडची, शपथपत्रावर, आणि प्रत्येक नावाला पुरावा लागतो. जुना पुरावा कुठल्या तारखेच्या आधीचा हवा हे प्रवर्गावर आहे: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटके २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटबद्दल (निजामाच्या काळातलं सरकारी गॅझेट) २ सप्टेंबर २०२५ ला शासन निर्णय निघाला त्यानंतर बरेच जण विचारतात की त्यात पणजोबांचं नाव सापडेल का. गॅझेटमध्ये समाजाची संख्या आहे, माणसांची नावं नाहीत. नाव प्रश्न ७ मधल्या कागदांतच शोधावं लागतं.

दाखल्यासाठी सोयीचं नाव घुसवून घरची वंशावळ बिघडवू नका. आणि एक चांगली गोष्ट अशी की गेल्या दोन-तीन वर्षांत या निमित्ताने कितीतरी घरांनी पहिल्यांदा आपले जुने कागद उघडले, तर उघडलेच आहेत तर आत्याचं, पणजीचं नाव पण टिपून घ्या.

१५. गावच राहिलं नाही, धरणात गेलं. तिथलं काय शोधणार?

नाथसागराखाली गेलेल्या गावांची माणसं असं फार विचारतात, आणि किल्लारी-सास्तूरकडची पण, जिथं गाव होतं तिथं आता बाभळी आहेत आणि नवं गाव रस्त्याला आखून दिलंय. भूसंपादनाची आणि पुनर्वसनाची फाईल काढा, त्यात घरनिहाय, कुटुंबनिहाय यादी असते. आणि जुन्या गावचे तीन-चार जण एकत्र बसवून जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढायला लावा. वेशीपासून सुरू करा, मारुती, चावडी, आड, मग गल्ली, मग घर. एक जण म्हणतो इथं अमक्याचं घर, दुसरा म्हणतो नाही त्याच्या पलीकडं, आणि भांडता भांडता सगळं गाव उभं राहतं. नकाशाचा फोटो घ्या, वाद रेकॉर्ड करा. भूकंपात घरची माणसं गेलेल्यांना त्या रात्रीबद्दल विचारून सुरुवात करू नका, आधी गाव कसं होतं ते विचारा, रात्रीचं ते स्वतः सांगतील किंवा सांगणार नाहीत, दोन्ही बरोबर.

१६. रझाकाराच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या) काळाबद्दल विचारलं की आजोबा गप्प होतात. विचारू की नको?

एकदा विचारा, जबरदस्ती नको. "तेव्हा काय झालं" असं नको, "घर सोडलं तेव्हा गाडीत काय घेतलं, कुठल्या वाटेने गेलात, जनावरं कुणाच्या हवाली केली" असं विचारा. बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेडच्या बाजूला हद्दीपलीकडं गेलेली घरं खूप आहेत. दागिने कुठं पुरले, परत आल्यावर चूल कशी सापडली, अशा गोष्टींतून तो काळ दिसतो. त्यांनी स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा, "हे तुम्ही बघितलं का कुणी सांगितलं?" एवढा एकच प्रश्न पुरतो. घरात कुणाला स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन असेल तर त्या अर्जाची फाईल जपा, त्यात त्यांनी स्वतःची हकीकत दिलेली असते.

आणि शेजारच्या मुसलमान घरात पण जा. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, पण पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे बेतलं, उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागात सगळ्यात जास्त, ते सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवलंय. त्या घरातल्या आज्जीला कुणी विचारायला गेलेलंच नसतं. कितीतरी ठिकाणी याच गोष्टीत हे पण निघतं की पाटलाने कुणाला माळवदावर लपवलं, किंवा कुणी मुसलमान शेजाऱ्याने आपल्या घराची राखण केली. दोन्हीकडचं घेतल्याशिवाय गावाची गोष्ट पुरी होत नाही. गुन्हा केलेल्याचं नाव आलं तर ते रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, ग्रुपवर टाकू नका, त्याची नातवंडं त्याच गल्लीत राहतात.

१७. दोन माणसं एकाच गोष्टीचं वेगवेगळं सांगतात. खरं कुणाचं?

दोन्ही लिहा, नावासकट, तारखेसकट. काका म्हणतात पणजोबा मानमोडीत गेले, आत्या म्हणते विहिरीत पडून. मग पणजोबांचं धाकटं लेकरू कधीचं आहे ते काढा, ते १९२२ चं निघालं तर मानमोडी बाद होते. कागद नेहमी खरा आणि माणूस खोटा असं धरू नका, कागदावरचं वय तर प्रश्न ५ मध्ये बघितलंच आपण.

१८. भावकीला वाटतं मी जमिनीसाठी चौकशी करतोय. काय करू?

वाटणारच. तक्षीम, बांध, हिस्सा यावरून पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद असलेली घरं आहेत. म्हणून सातबारा हातात घेऊन जाऊ नका. फोटो घेऊन जा, त्यांच्या आज्याचा फोटो असेल तर त्याची मोठी कॉपी काढून न्या. चहा घ्या, पहिल्या भेटीत काही लिहू नका. आणि वंशावळीची एक प्रत त्यांना आधी द्या, तुमचं नाव नसलेली चालेल पण त्यांचं सगळं घर त्यात असलं पाहिजे. आमच्याकडे बावीस वर्षं बोलणं नसलेल्या चुलत्यांनी प्रत बघून स्वतः पेन मागितला आणि दोन नावं दुरुस्त करून दिली.

१९. दत्तक, दुसरं लग्न, पळून गेलेली मुलगी, जातीबाहेरचं लग्न हे लिहायचं का?

खरं लिहा, पण कोणासाठी लिहिताय ते बघून दोन प्रती करा. घरातल्या मूळ वहीत सगळं, वाटायच्या प्रतीत जिवंत माणसांबद्दल त्यांना विचारूनच. दत्तक गेलेल्याचे दोन्ही बाप लिहा, दुसरी बायको असेल तर कुठल्या मुलाची आई कोण हे पण. जिला घराने नाव टाकलं तिचं नाव मात्र गाळू नका, निदान तुमच्या वहीत तरी. सांगणाऱ्याने "हे माझ्या माघारी सांग" म्हटलं तर तसं लेबल लावून फाईल वेगळी ठेवा आणि शब्द पाळा.

२०. आज्जीला आता ओळख राहत नाही, मुलालाच भाऊ समजते. उशीर झाला का?

नाही, फक्त पद्धत बदला. प्रश्न विचारू नका, त्यांना ते परीक्षेसारखं होतं. जुनी वस्तू हातात द्या, पाटा-वरवंटा, सुपडं, लुगड्याचा तुकडा. ओवी तुम्ही चुकीची सुरू करा, ती बरोबर पुढे म्हणेल. मुलाला भाऊ समजत असेल तर त्याला "भाऊच" राहू द्या, कारण भावाशी ती माहेरचं बोलते, आणि माहेरचं बोलणं दुसऱ्या कुठल्याही वाटेने आता मिळणार नाही. सकाळी दहा-पंधरा मिनिटं, रोज, फोन आधीच चालू करून बाजूला. आमच्या ओळखीच्या एका घरात आज्जी तासभर काहीच बोलली नाही, मग नातीने केसांना तेल लावायला घेतलं आणि ती आपल्या आईचं नाव घेऊन म्हणाली, "हळू वढ की ग."